अडलेला चौकोन : शब्दकोड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

वर्तमानपत्रातील रोजच्या शब्दकोड्याविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे तक्रारीची आहेत, आणि गंमत अशी की तक्रार करणाऱ्या एकाही वाचकाने कोडे सोडवणे बंद केल्याचे लिहिलेले नाही. निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून वगळली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. सकाळच्या चहाबरोबर कोडे घेऊन बसण्याचा माझा जुना नेम आहे. बरेचसे कोडे झरझर सुटते, पण एखादा चौकोन अडला की अडतोच. दुसऱ्या दिवशी उत्तर पाहिल्यावर कधी स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो, तर कधी कोडे रचणाऱ्याच्या. हा माझ्या शब्दसंग्रहाचा दोष समजावा काय? (एक वाचक, रेल्वे लाइन्स)

उत्तर : आपण एकाच वाक्यात दोन निरनिराळे राग सांगितले आहेत, आणि त्यांची गल्लत होऊ न देणे हे कोडे सोडवणाऱ्याचे पहिले काम आहे. उत्तर कळल्यानंतर मूळ क्लू पुन्हा एकदा वाचून पाहावा. ‘अरेच्चा, हे मला यायला हवे होते’ असे वाटले, तर रचनाकाराने आपल्याला सरळ डावात हरवले असे समजावे. ‘हे कुणाला कसे सुचणार?’ असा प्रश्न पडला, तर आपल्या शब्दसंग्रहाला बोल लावण्याचे कारण नाही. दोष रचनेचा आहे.

उदाहरणार्थ, ‘एक फूल (३)’ असा क्लू घ्या. कमळ, कण्हेर, मोगरा, गुलाब, शेवंती, अबोली, जास्वंद, यांपैकी काहीही चालेल. उभ्या शब्दातून पहिले अक्षर ‘क’ मिळाले, तरी कमळ की कण्हेर हा पेच राहतोच. तो मधल्या किंवा शेवटच्या अक्षरालाच सोडवता येतो. त्या दोन्ही चौकोनांतून दुसरा कोणताही शब्द जात नसेल, तर सोडवणाऱ्याने चिठ्ठी टाकून ठरवावे अशीच रचनाकाराची अपेक्षा दिसते. ‘एक राग’, ‘एक नदी’, ‘एक प्रकारचे गवत’ हे क्लू त्याच जातीचे. ते अवघड नसतात, आळशी असतात.

आता दुसरे उदाहरण घ्या. ‘नान्नजच्या माळाला ओळख देणारा पक्षी (४)’. सोलापूरकराला ‘माळढोक’ चटकन सुचेल, पण नागपूरच्या वाचकाला कदाचित सुचणार नाही. (पक्षी कोड्यात सापडतो तितक्या सहज आता माळावर सापडत नाही, ही गोष्ट वेगळी.) तरीही हा क्लू न्याय्य ठरू शकतो. दुसऱ्या चौकोनातून ‘चिंता’ या अर्थाचा ‘काळजी’ उभा जात असेल आणि तिसऱ्यातून ‘वरवरचा, मोघम’ या अर्थाचा ‘ढोबळ’ खाली उतरत असेल, तर नागपूरकराच्या हाती ‘ळ’ आणि ‘ढो’ आयते येतात, आणि नान्नज न पाहिलेला माणूसही विचार करकरून माळढोकापर्यंत पोहोचतो. अवघड शब्दाला सोप्या शब्दांनी छेद द्यावा, हा कोडे रचण्याचा मूळ नियम आहे. दोन अपरिचित शब्द ज्या चौकोनात एकमेकांना भेटतात, तो चौकोन कोरा राहिला तर त्याबद्दल मुळीच खंत बाळगू नये.

आणखी एक कारण आपल्या लिपीत आहे. इंग्रजी रचनाकाराला सव्वीस अक्षरांत खेळायचे असते, त्यामुळे आडव्या आणि उभ्या शब्दांत सारखे अक्षर मिळणे सोपे जाते. मराठीत एका चौकोनात काना-मात्रा-वेलांटीसह पूर्ण अक्षर बसते. नुसती बाराखडी मोजली, तरी ती संख्या चारशेच्या वर जाते. जोडाक्षरे आणखी निराळी. ‘क’ आणि ‘का’ एकमेकांच्या चौकोनात बसत नाहीत. साहजिकच शब्दांचे छेद कमी होतात, काळे चौकोन वाढतात आणि दुसऱ्या शब्दाचा आधार नसलेले चौकोन बरेच उरतात. मराठी कोडे अडते ते पुष्कळदा या एकाकी चौकोनांत. याचा दोष सगळाच रचनाकाराच्या माथी मारता येत नाही. पण असे चौकोन त्याला ठाऊक असतात, आणि तिथला क्लू अधिक नेमका करणे त्याच्या हातात असते.

प्रश्न : आडव्या शब्दाचे उत्तर ‘कवी’ आणि त्याच ‘वी’वरून खाली येणारे उत्तर ‘विहीर’, असे कोडे अलीकडे पाहिले. एका चौकोनात दोन वेलांट्या कशा लिहायच्या? मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे हा प्रकार मला सहन होत नाही. (एक वाचक, विजापूर रोड)

उत्तर : सहन करूही नये. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनुसार शब्दाच्या शेवटी येणारा इकार व उकार दीर्घ लिहावयाचा असतो. म्हणून ‘कवी’ दीर्घ आणि ‘कविसंमेलन’ मात्र ऱ्हस्व. कोड्यातील पुष्कळ भांडणे या एका नियमापाशी येऊन थांबतात, कारण आडव्या शब्दाचे शेवटचे अक्षर हेच उभ्या शब्दाचे पहिले अक्षर करण्याचा मोह रचनाकाराला फार होतो. काही रचनाकार ऱ्हस्व-दीर्घ एकच मानून पुढे जातात. ती सवलत घ्यायची असेल, तर तसे कोड्याखाली एका ओळीत स्पष्ट लिहिले पाहिजे. न लिहिता घेतलेली सवलत ही चूकच. वास्तविक आपण दिलेल्या उदाहरणात ‘विहीर’ऐवजी ‘वीणा’ किंवा ‘वीट’ घालून काम भागले असते.

अनुस्वार हा अक्षराचाच भाग असतो, त्यामुळे ‘अंगण’मधला ‘अं’ आणि ‘अननस’मधला ‘अ’ एका चौकोनात नांदू शकत नाहीत. जोडाक्षराचा चौकोन एकच : ‘पुस्तक’ हा शब्द तीन चौकोनांचा. ‘क्वचित’, ‘अकस्मात’ यांसारख्या शब्दांना पाय मोडून लिहिण्याची पद्धत त्याच नियमांनी बंद केली, त्यामुळे तिथे निदान वादाला जागा उरलेली नाही. सोडवताना मात्र एक व्यवहार सांभाळावा. वेलांटीवरून पेन खाली ठेवू नये. चौकोनात नुसता ‘व’ लिहून पुढे जावे आणि चीड संपादकांना पत्र लिहिण्यासाठी राखून ठेवावी. अशी पत्रे वाचली जातात.

प्रश्न : नोकरीनिमित्त मला हुतात्मा एक्स्प्रेसने वरचेवर पुण्याला जावे लागते. कुर्डुवाडी येईपर्यंत निम्मे कोडे होते, दौंडपर्यंत दोन शब्द ओठांवर येऊन अडतात, आणि पुणे स्टेशनचा जिना चढताना, कोड्याचा विचारही मनात नसताना, त्यातला एक अचानक आठवतो. असे का होते? (एक वाचक, होटगी रोड)

उत्तर : शब्द ओठांवर येऊन अडण्याचा पद्धतशीर अभ्यास रॉजर ब्राऊन आणि डेव्हिड मॅकनील या दोन मानसशास्त्रज्ञांनी केला आणि तो १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. शब्द आठवत नसतानाही माणसांना त्याचे पहिले अक्षर किंवा त्याची लांबी यांचा अंदाज बऱ्याचदा अचूक सांगता येतो, असे त्यांना आढळले. म्हणजे स्मरणात शब्द असतो, त्याच्या अंगाखांद्याची ओळखही असते, फक्त तो पुरता बाहेर येत नाही. कोडे नेमकी हीच माहिती, म्हणजे अक्षरांची संख्या आणि एखाददुसरे अक्षर, आपल्या पुढ्यात ठेवते; म्हणून ते इतके छळते.

जिन्यावर शब्द आठवण्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण असे की, गाडीत बसल्या बसल्या त्याच्याऐवजी दुसराच मिळताजुळता शब्द आपल्या मनात ठाण मांडून असतो आणि तो हटेपर्यंत खऱ्याला वाट मिळत नाही. ‘पगार न घेता शेताची राखण करतो (५)’ या क्लूसाठी एकदा ‘जागल्या’, ‘राखणदार’ अशी माणसे डोळ्यांपुढे उभी राहिली की ती हलत नाहीत. खिडकीबाहेर पाहण्यात थोडा वेळ गेला की ती निघून जातात आणि ‘बुजगावणे’ हजर होते. अडलेल्या शब्दाकडे टक लावून बसण्यापेक्षा कोड्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात काम सुरू करावे. तरीही वाट सापडली नाही, तर जो शब्द आपण सर्वांत खात्रीने लिहिला आहे त्याच्यावर संशय घ्यावा. अडलेल्या कोपऱ्यात बहुधा एखादे चुकीचे उत्तर आत्मविश्वासाने बसलेले असते.

आणि एक विनंती. शब्द आठवल्याचा आनंद जिना संपल्यावर साजरा करावा.

प्रश्न : पेन की पेन्सिल? (एक विद्यार्थी, दयानंद महाविद्यालय परिसर)

उत्तर : पेन्सिल. शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सायमन आणि शूस्टर यांनी काढले, तेव्हा प्रत्येक प्रतीला एक पेन्सिल जोडलेली होती. त्यांना वाचकांचा स्वभाव ठाऊक होता.

प्रश्न : आमच्या भागातील एका वाचनालयात मी रोज सकाळी वर्तमानपत्रे वाचण्यासाठी जातो. माझ्याआधी येणारे एक गृहस्थ तेथील अंकातच बॉलपेनने कोडे भरून ठेवतात, तेही अर्धवट आणि पुष्कळदा चुकीचे. त्यांना सांगावे कसे? (एक वाचक, नवी पेठ)

उत्तर : अर्धवट भरतात याचा राग जास्त आहे की चुकीचे भरतात याचा, हे पत्रावरून नीट समजले नाही. सार्वजनिक अंकावर लिहिणे गैरच आहे आणि ते त्यांना ग्रंथपालांमार्फत सांगितलेले बरे. थेट सांगितले, तर वाद कोड्यावरून सुरू होऊन तिसरीकडेच जाईल. तोवर एक उपाय आपल्या हाती आहे. चौकटीच्या कागदाची छोटी वही जवळ ठेवावी, काळे चौकोन आणि क्रमांक उतरवून घ्यावेत आणि उत्तरे वहीत लिहावीत. यात पाच-सात मिनिटे जातात, पण उतरवतानाच कोड्याचा सांगाडा लक्षात येतो आणि कुठे छेद भरपूर आहेत, कुठे नाहीत, हे कळल्यामुळे सुरुवात कोठून करावी ते ठरवता येते. त्या गृहस्थांची उत्तरे मात्र हाताने झाकून ठेवावीत. चुकीचे उत्तर एकदा डोळ्यांखालून गेले की ते मनातून काढणे फार अवघड.

प्रश्न : मी पूर्व भागात राहते. आमच्या घरी तेलुगू बोलतात, शाळा मात्र मराठी माध्यमाची झाली. कथा-कादंबऱ्या मी सहज वाचते, परंतु कोड्यातील म्हणी, नाती आणि घरातल्या वस्तू यांच्यापाशी हटकून अडते. माझ्यासारखीने कोडे सोडवण्याचा नाद सोडावा की कसे? (एक वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर : नाद मुळीच सोडू नये. आपली अडचण खरी आहे, पण ती जितकी मोठी वाटते तितकी नाही, कारण कोड्यांतील म्हणी आणि नाती यांचा साठा मर्यादित असतो आणि तोच आलटून पालटून समोर येत राहतो. ‘नाचता येईना ... वाकडे (३)’ म्हणजे अंगण, ‘उथळ पाण्याला ... फार (५)’ म्हणजे खळखळाट, ‘आडात नाही तर ... कुठून येणार (४)’ म्हणजे पोहऱ्यात. नात्यांमध्ये दीर, जाऊ, नणंद, मेहुणा ही मंडळी आठवड्यातून एकदा तरी हजेरी लावतात. म्हणींसाठी वहीचे एक पान राखून ठेवले आणि अडलेली प्रत्येक म्हण पूर्ण लिहून काढली, तर काही महिन्यांत हा अडसर बराचसा दूर होईल.

वस्तूंचे म्हणाल, तर तिथे घरी मराठी बोलणारी आजची मुलेही आपल्या इतकीच अडतात. मराठी कोड्यातील घर अजून दोन पिढ्या मागचे आहे. तिथे रवीने ताक घुसळतात, लोणी शिंक्यावर ठेवतात, पाणी रहाटावर शेंदतात आणि पीठ जात्यावर दळतात. या वस्तू आपल्या आईने किंवा आजीने वापरल्या असतील. त्यांना नाव तेलुगूत ठाऊक असेल, इतकेच. तेव्हा क्लू त्यांना तेलुगूत सांगून पाहावा. त्या वस्तूचे वर्णन करतील, आणि शेजारच्या मराठी घरात तिला काय म्हणतात हेही सोलापुरात त्यांना बहुधा माहीत असेल. मराठी, तेलुगू आणि कानडी एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या शहरात ही सोय आहे. इतर ठिकाणच्या कोडेप्रेमींना ती मिळत नाही. कथा-कादंबऱ्या वाचण्याची सवय आपल्याला उलट दिशेनेही उपयोगी पडेल, कारण ‘औदार्य’, ‘निष्ठा’, ‘उपेक्षा’ असे भाववाचक शब्द, जिथे बोलण्यापुरतीच मराठी असलेला माणूस अडखळतो, ते आपल्याला सहज सुचतील.

प्रश्न : माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. अलीकडे त्यांना विसरायला होते. रोज कोडे सोडवले तर स्मृतिभ्रंश होत नाही, असे कुणीतरी सांगितल्यापासून ते हट्टाने कोडे घेऊन बसतात आणि सुटले नाही की दिवसभर खट्टू असतात. याचा खरोखर उपयोग होतो का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : कोडे सोडवल्याने स्मृतिभ्रंश होत नाही, असे कोणत्याही अभ्यासाने सिद्ध केलेले नाही. अमेरिकेतील कोलंबिया आणि ड्यूक या विद्यापीठांच्या संशोधकांनी केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मरणशक्ती किंचित मंदावलेल्या १०७ व्यक्तींचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला संगणकावर शब्दकोडी दिली, दुसऱ्याला बुद्धीला चालना देणारे संगणकीय खेळ दिले आणि ७८ आठवडे त्यांचे निरीक्षण केले. शब्दकोडी सोडवणाऱ्यांची स्मरण व आकलनाच्या चाचणीतील कामगिरी खेळ खेळणाऱ्यांपेक्षा बरी राहिली. ही बातमी आशादायक आहे, परंतु काहीच न करणारा तिसरा गट या अभ्यासात नव्हता, कोडी इंग्रजीत होती आणि सहभागी व्यक्तींची संख्याही लहान होती. यावरून ‘उपयोग होण्याची शक्यता आहे’ एवढेच म्हणता येते.

वडिलांचे विसरणे वाढत असेल, तर डॉक्टरांना दाखवणे आधी आवश्यक आहे; कोडे हे त्याला पर्याय नव्हे. आणि कोडे औषधासारखे घ्यायला लावू नये. ज्या कोड्यापायी माणूस दिवसभर खट्टू राहतो, ते त्याच्यासाठी फार कठीण आहे. लहान मुलांच्या पुरवणीतील सोपे कोडे देण्याची चूकही करू नये, ज्येष्ठांना तो अपमान फार लागतो. त्यांच्या शेजारी बसून आपणच मोठ्याने क्लू वाचावेत. आपल्याला न येणारी जुन्या वस्तूंची, पिकांची, नाण्यांची नावे ते पटापट सांगतील, आपल्याला चित्रपट आणि क्रिकेट येईल, आणि कोडे कुणाचे सुटले याचा हिशोब राहणार नाही.

प्रश्न : माझे पती अडले की लगेच मोबाइलवर उत्तर शोधतात आणि मग ‘सुटले’ म्हणून जाहीर करतात. ही लबाडी नव्हे काय? शिवाय यात वेळ किती वाया जातो! (एक वाचक, सात रस्ता)

उत्तर : मी या बाबतीत थोडा सोवळा आहे. क्लूचे उत्तर जसेच्या तसे शोधले, तर ती लबाडी. ‘द्रोणाचार्यांचा पुत्र’ कोण, हे आठवत नसल्यास महाभारत उघडून पाहणे ही लबाडी नव्हे, अभ्यास आहे. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ चाळण्यालाही माझी ना नाही. त्या कोशात एक शब्द शोधायला गेलेला माणूस भलतेच पाच शब्द घेऊन परत येतो, आणि त्यातला एखादा पुढल्या महिन्यात कामी येतो. मोबाइल उत्तर देतो, पण वाटेतले हे शब्द देत नाही. घरात तंटा नको असेल, तर आडवे शब्द आपण घ्यावेत आणि उभे पतींना द्यावेत. उत्तर चुकले की ते दुसऱ्याच्या शब्दाला जाऊन भिडते, त्यामुळे तपासणी आपोआप होते आणि मोबाइलवरून आणलेल्या शब्दाचा अभिमान फार काळ टिकत नाही.

वेळेविषयीची तक्रार मात्र कोड्याइतकीच जुनी आहे. आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकेत या छंदाची साथच पसरली, तेव्हा १९२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या वेडाचा आणि वेळेच्या नासाडीचा खरपूस समाचार घेतला. त्याच वृत्तपत्राने फेब्रुवारी १९४२ मध्ये, महायुद्धाच्या बातम्यांनी वाचक त्रासले असताना, स्वतःचे कोडे सुरू केले. आज ते त्या वृत्तपत्राचे भूषण समजले जाते.

प्रश्न : माझ्या लहानपणी वडीलधारी मंडळी बक्षिसांच्या कोड्यांविषयी फार कडवटपणे बोलत. पैसे भरून उत्तरे पाठवायची आणि हजारोंचे बक्षीस मिळण्याची वाट पाहत बसायचे, असा तो प्रकार होता म्हणे. तो बंद कसा झाला? (एक वाचक, बाळे)

उत्तर : त्या कोड्यांत एका क्लूला दोन-दोन उत्तरे सारखीच शोभत आणि आयोजकांनी आधी ठरवून ठेवलेल्या उत्तराशी ज्याचे जुळेल त्याला बक्षीस मिळे. वर कमळ आणि कण्हेर यांविषयी जे लिहिले, तोच दोष इथे मुद्दाम, धंद्यासाठी वापरलेला होता. जास्त प्रवेशिका भराव्यात म्हणजे सगळ्या शक्यता साधतील, या हिशोबाने लोक पैसे ओतत. सोलापूर त्या वेळी मुंबई राज्यात होते. त्या राज्याने १९४८ मध्ये अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणणारा कायदा केला. बंगळुरूहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातून ‘आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्स’ ही स्पर्धा चालवणाऱ्या आयोजकांनी त्याला आव्हान दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान १९५५ मध्ये संसदेने बक्षीस स्पर्धांविषयीचा कायदा केला आणि महिन्याकाठी एकूण एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे व एका स्पर्धेत दोन हजारांहून अधिक प्रवेशिका यांना मनाई केली. १९५७ च्या निकालांत न्यायालयाने जुगाराच्या स्वरूपाची स्पर्धा हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, असे सांगितले. जिथे यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते त्या स्पर्धा मात्र १९५५ च्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. एका अर्थी, ज्या चौकोनाला एकच उत्तर आहे तो खेळ आणि ज्याला दोन आहेत तो जुगार, हा भेद देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. आजचे साधे कोडे विनामूल्य आहे, यात खरोखर समाधान मानावे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी सोलापूरविषयीचे कोडे मी स्वतः तयार करणार आहे. शब्दांची यादी केली, पण ते एकमेकांत गुंफता येत नाहीत. कृपया मार्गदर्शन करावे. (एक वाचक, शेळगी)

उत्तर : सोडवण्यापेक्षा रचण्यात त्रास अधिक आहे, हे आता आपल्या लक्षात आले असेलच. आपल्या यादीतील काही शब्द घेऊन मी एक कोपरा जुळवून पाहिला, तो सांगतो. चौकटीचा कागद घेऊन सोबत उतरवावा. पहिल्या ओळीत डावीकडून ‘भुईकोट’ आडवा लिहावा. त्याच्या तिसऱ्या चौकोनातील ‘को’पासून ‘कोटणीस’ खाली उतरवावा. सोलापुरात जन्मलेल्या आणि चीनमध्ये रुग्णसेवा करताना १९४२ मध्ये निधन पावलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याशिवाय आपले कोडे पूर्ण होणारच नाही. तिसऱ्या ओळीत ‘णी’वर संपणारी ‘चटणी’ आडवी बसते, आणि तिच्यासाठी ‘शेंगांची असली तर भाकरी दोन घास जास्त जाते (३)’ असा क्लू देता येईल. चौथ्या ओळीत ‘स’पासून ‘सरोवर’ उजवीकडे जातो. त्याचे शेवटचे अक्षर ‘र’, आणि त्या चौकोनात वरून, पहिल्या ओळीपासून, ‘सिद्धेश्वर’ उतरून थांबतो. उरलेले चौकोन काळे करावेत.

आता ‘द्धे’ पाहा. अशी जोडाक्षरे हे रचनाकाराचे खरे दुखणे आहे, कारण त्यांतून दुसरा शब्द नेणे जवळपास अशक्य वाटते आणि बहुतेक जण तो चौकोन एकाकी सोडून देतात. यादीतला ‘नंदीध्वज’ ‘ध्व’पाशी असाच अडतो, तिथे ‘ध्वनी’ खाली उतरवून सुटका होते. ‘द्धे’साठी बराच वेळ काही सुचत नाही, आणि मग ‘श्रद्धेय’ सुचतो. दुसऱ्या ओळीत तो आडवा बरोबर बसतो, आजूबाजूच्या कोणत्याही शब्दाला धक्का लागत नाही. दुसऱ्या कुणाला ते कळणारही नाही, पण त्या दिवशी रचनाकार दोन्ही वेळचे जेवण आनंदाने जेवतो.

यादीतील सगळे शब्द बसलेच पाहिजेत असा आग्रह धरू नये. लांब शब्द आधी मांडावेत, लहान शब्द नंतर फटींत भरावेत. ‘येथील प्रसिद्ध चौक’ असा क्लू देऊ नये. शहरात चौक पुष्कळ आहेत आणि प्रत्येक भागाला आपलाच प्रसिद्ध वाटतो. कोडे पूर्ण झाल्यावर यादी न पाहिलेल्या एका व्यक्तीकडून ते सोडवून घ्यावे, आणि ती सोडवत असताना आपण खोलीत थांबू नये, कारण आपल्याला मदत केल्याशिवाय राहवणार नाही. ती जिथे अडेल त्या चौकोनावर खूण करून ठेवायला सांगावे आणि तेवढेच क्लू पुन्हा लिहावेत. उत्सव संपला की कोड्याची एक प्रत या सदराकडे जरूर पाठवावी. उत्तरे निराळ्या पाकिटात घालावीत.